जन्मठेपेचा हिशेब

जन्मठेपेची शिक्षा चौदा वर्षांची असते, ही समजूत महाराष्ट्रात इतकी रुळलेली आहे की एखाद्या खटल्याचा निकाल वर्तमानपत्रात वाचताच आरोपी कोणत्या साली बाहेर येईल याची बेरीज लोक बोटांवर करू लागतात. लांजा तालुक्यातील एखाद्या गावात खून झाला, रत्नागिरीच्या सत्र न्यायालयात खटला चालला आणि आरोपीला जन्मठेप झाली, तर मृताच्या घरी आणि आरोपीच्या घरीही हीच बेरीज होते. फरक एवढाच की एका घरी ती धास्तीने होते आणि दुसऱ्या घरी आशेने. दोन्ही घरांचा हिशेब चुकतो, कारण कायद्याच्या दृष्टीने जन्मठेप म्हणजे कैद्याचे उरलेले संपूर्ण आयुष्य. चौदा वर्षांचा आकडा कायद्यात आहे खरा, पण तो कैद्याला घरी जाण्याचा हक्क देत नाही. गंभीर गुन्ह्यातील जन्मठेपेच्या कैद्याला मुदतीपूर्वी सोडावे की नाही, हा प्रश्न चौदा वर्षे भरण्याच्या आधी सरकारने हाती घेऊन कैद्याला बाहेर काढू नये, एवढेच तो आकडा सांगतो.

या गैरसमजाचे मूळ १८६० च्या भारतीय दंड संहितेत सापडते. त्या संहितेत फाशीखालोखालची शिक्षा म्हणून आजन्म हद्दपारी सांगितली होती, जिला लोक काळे पाणी म्हणत. १९५५ साली झालेल्या दुरुस्तीने हद्दपारी रद्द होऊन १ जानेवारी १९५६ पासून तिच्या जागी आजन्म कारावास आला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तो तसाच ठेवला आहे. जुन्या आणि नव्या दोन्ही संहितांत असे एक कलम आहे की शिक्षेचा अपूर्णांक काढायचा असेल तेव्हा जन्मठेप वीस वर्षांच्या बरोबरीची धरावी. याचे कारण निव्वळ व्यवहाराचे आहे. काही गुन्ह्यांच्या नुसत्या प्रयत्नाला मूळ शिक्षेच्या निम्म्यापर्यंत शिक्षा देता येते, आणि आयुष्याचे निम्मे किती हे कोणत्याही न्यायाधीशाला सांगता येत नसल्यामुळे गणितापुरता वीसचा आकडा घेतला गेला. कैद्यांनी आणि पुष्कळदा तुरुंगाच्या कारभारानेही तोच आकडा शिक्षेची मुदत म्हणून धरला. त्यातून चांगल्या वर्तनाची माफी वजा केली की प्रत्यक्षात चौदा-पंधरा वर्षे उरतात, असा हिशेब रूढ झाला. हा हिशेब बरोबर की चूक, हे सर्वोच्च न्यायालयाला १९६१ साली सांगावे लागले, आणि तेही नाशिकरोडच्या तुरुंगातील एका कैद्याच्या अर्जावर.

तो कैदी म्हणजे गोपाळ विनायक गोडसे. गांधीहत्येच्या खटल्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यात बसलेल्या विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्याला आजन्म हद्दपारीची शिक्षा दिली. स्फोटक द्रव्यांच्या कायद्याखालच्या सात आणि पाच वर्षांच्या शिक्षा तिच्याबरोबरच भोगायच्या होत्या. प्रथम पंजाबातील तुरुंगांत आणि मे १९५० पासून नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात त्याने शिक्षा काढली, आणि सप्टेंबर १९६० अखेर त्याच्या नावावर २,८९३ दिवसांची माफी जमा झाली. येथे माफी हा शब्द क्षमा या अर्थाने नाही. तुरुंगाचे नियम पाळणे, नेमून दिलेले काम करणे, शिकणे, अशा गोष्टींबद्दल शिक्षेतून जे दिवस वजा केले जातात त्यांना तुरुंगाच्या कारभारात माफी किंवा सूट म्हणतात. गोडसेच्या खात्याची फोड न्यायालयाच्या निकालपत्रातच आहे आणि ती वाचण्यासारखी आहे: साधारण माफी ८३६ दिवस, विशेष माफी २०६, शारीरिक शिक्षणाची ११३, साक्षरतेची १०८, वार्षिक सद्वर्तनाची २५० आणि राज्य सरकारने वेळोवेळी सर्व कैद्यांना दिलेली माफी तब्बल १,३८०. म्हणजे कैद्याने स्वतःच्या वागणुकीने आणि कष्टाने मिळवलेल्या सगळ्या दिवसांची बेरीज केली तरी ती सरकारी आनंदाच्या निमित्तांनी मिळालेल्या दिवसांना जेमतेम ओलांडते. तुरुंगाच्या हिशेबवहीत गुणाचा आणि योगायोगाचा वाटा किती, हे एवढ्यावरून कळते.

ही जवळजवळ आठ वर्षांची माफी प्रत्यक्ष तुरुंगवासात मिळवली की वीस वर्षे भरतात, तेव्हा आता आत ठेवणे बेकायदा आहे, असे गोडसेचे म्हणणे होते. १२ जानेवारी १९६१ रोजी घटनापीठाने ते फेटाळले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलेल्या या निकालाचा आशय असा, की आजन्म शिक्षा ही कैद्याच्या नैसर्गिक आयुष्याच्या अखेरपर्यंतची असते; वीस वर्षांचे कलम केवळ अपूर्णांकांसाठी आहे; तुरुंगाच्या नियमांनी मिळालेली माफी वजा करायची तर ती निश्चित आकड्यातून करता येते, आणि आयुष्याच्या लांबीचा आकडा निश्चित नसल्यामुळे अशी वजाबाकी आपोआप होऊ शकत नाही. माफीचे दिवस त्यामुळे निरर्थक ठरत नाहीत, पण त्यांचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा सरकार फौजदारी प्रक्रिया संहितेने दिलेला अधिकार वापरून उरलेली शिक्षा माफ करायचे ठरवते. तो अधिकार सरकारचा. न्यायालयाने तो स्वतःकडे घेतला नाही आणि कैद्याच्या हातीही दिला नाही. भारतातील जन्मठेपेची आजची सगळी व्यवस्था या निकालावर उभी आहे.

पुढे सरकारने तो अधिकार वापरला. ऑक्टोबर १९६४ मध्ये गोडसेची सुटका झाली आणि पुढच्याच महिन्यात पुण्यात त्या निमित्ताने झालेल्या सत्यविनायकाच्या पूजेच्या कार्यक्रमात लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी, हत्येच्या बेताची आपल्याला आधी कल्पना होती, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्यावरून देशभर गदारोळ उठला, गोडसेला भारत संरक्षण कायद्याखाली पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले आणि कटाची माहिती कोणाकोणाला होती हे तपासण्यासाठी पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग बसला. मुदतपूर्व सुटकेचा निर्णय कागदावर एका कैद्यापुरता असला तरी समाज तो तेवढ्यापुरता पाहत नाही, याचा महाराष्ट्राने घेतलेला हा बहुधा सर्वांत तीव्र अनुभव असेल.

गोडसेच्या अर्जाचा निकाल लागण्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत आणखी एका जन्मठेपेचा निकाल लागला. नौदलातील अधिकारी कावस नानावटी याला पत्नीच्या प्रियकराच्या खुनाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी त्या शिक्षेला तात्पुरती स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये शिक्षा कायम केली, तरी १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी राज्यघटनेच्या १६१ व्या अनुच्छेदाखाली त्याला क्षमा केली. शिक्षा एकच, राज्य एकच, सुटकेचे सालही एकच. एक कैदी सोळा वर्षांनी बाहेर आला आणि दुसरा जेमतेम तीन वर्षांनी. दोन गुन्ह्यांची तुलना होऊ शकत नाही हे उघड आहे, परंतु चौदा वर्षे हा तेव्हा किमान आकडाही नव्हता आणि कमालही नव्हता, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

किमान आकडा आला तो १९७८ साली. १८ डिसेंबर १९७८ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम घालण्यात आले, ज्यानुसार फाशी हीही एक शिक्षा असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या, किंवा फाशीची जन्मठेप करून घेतलेल्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४७५ वे आहे. खुनाला फाशी सांगितलेली असल्यामुळे खुनातील जन्मठेपेचा प्रत्येक कैदी या नियमाखाली येतो. येथे 'प्रत्यक्ष' या शब्दाचे महत्त्व मोठे आहे, कारण कमावलेली माफी या चौदा वर्षांत मिळवता येत नाही. या कलमाला आव्हान मिळाले तेव्हा मारू राम खटल्यात १९८० साली घटनापीठाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात, ते वैध ठरवले. कैद्यांच्या सुधारणेचा या न्यायमूर्तींइतका कैवार क्वचितच कोणी घेतला असेल, तरीही किमान मुदत ठरवणे हा संसदेचा अधिकार आहे, हे त्यांनी मान्य केले. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचा घटनादत्त क्षमेचा अधिकार मात्र या कलमाने अडत नाही. म्हणजे आज जे चौदा वर्षे म्हणून सांगितले जाते, ती सरकारच्या औदार्याला घातलेली खालची मर्यादा आहे, आणि लोकांनी तिला वरची मर्यादा समजून घेतले आहे.

लांब शिक्षेतून अटींवर लवकर बाहेर येण्याची कल्पना भारतात जन्मली नाही. ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरील हद्दपारीच्या वसाहतीचा १८४० साली प्रमुख झालेल्या अलेक्झांडर मॅकोनोकी याने कैद्यांना कामाचे आणि वागणुकीचे गुण देऊन त्यांवर मोकळीक ठरवण्याचा प्रयोग केला. पुढे आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन याने त्याला परवान्यावरच्या सुटकेची जोड दिली, आणि त्यातूनच पाश्चात्त्य देशांतील पॅरोल उभा राहिला. तिकडे पॅरोल म्हणजे कैदी शिक्षेचा उरलेला भाग देखरेखीखाली, अटी पाळत, बाहेर काढतो. अट मोडली तर पुन्हा आत. भारतात पॅरोल म्हणजे काही दिवसांची रजा. पाश्चात्त्य अर्थाच्या पॅरोलशी अगदी जुळणारे उदाहरण मात्र रत्नागिरी जिल्ह्यातच घडून गेले आहे.

विनायक दामोदर सावरकर यांना डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये दोन स्वतंत्र खटल्यांत प्रत्येकी पंचवीस वर्षांची हद्दपारी झाली आणि त्या एकीपाठोपाठ एक भोगायच्या असल्यामुळे एकूण शिक्षा पन्नास वर्षांची, म्हणजे १९६० पर्यंतची होती. अंदमानात जन्मठेपीच्या सामान्य कैद्यांना काही वर्षांच्या चांगल्या वर्तनानंतर कोठडीबाहेर राहून कमावून खाण्याचा परवाना मिळत असे. सावरकरांना तो मिळाला नाही. मे १९२१ मध्ये त्यांना मुख्य भूमीवर आणले, त्यानंतर त्यांचा काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात आणि मग येरवड्याला गेला, आणि ६ जानेवारी १९२४ रोजी दोन मुख्य अटींवर सुटका झाली: परवानगीशिवाय रत्नागिरी जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही, आणि पाच वर्षे राजकारणात भाग घ्यायचा नाही. लंडनमधील अटकेपासून मोजले तर हा काळही चौदा वर्षांना थोडा कमी भरतो, हा केवळ योगायोग. पाच वर्षांची मुदत वेळोवेळी वाढत गेली आणि बिनशर्त मोकळीक मे १९३७ मध्ये मिळाली. त्या तेरा वर्षांचा तुरुंग म्हणजे तेव्हाचा अखंड रत्नागिरी जिल्हा, ज्यात आजच्या लांजा आणि राजापूर तालुक्यांबरोबरच १९८१ साली वेगळा झालेला सिंधुदुर्गही येत असे. सावरकरांच्या अर्जांवरून चालणारा वाद येथे प्रस्तुत नाही. शिक्षाशास्त्राच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे एवढेच की लेखी अटी, ठरलेली हद्द, जिल्हाधिकाऱ्याची देखरेख आणि मुदतीचा वारंवार फेरविचार ही पॅरोलची चारही अंगे त्या हुकमात होती. फक्त ती कायद्याने सर्वांसाठी आखलेली व्यवस्था नव्हती, एका राजकीय कैद्यासाठी केलेली तजवीज होती.

आजच्या महाराष्ट्रात कैद्याला मिळणाऱ्या रजा दोन प्रकारच्या आहेत आणि दोन्ही १९५९ च्या नियमांनी बांधलेल्या आहेत. ठरावीक काळ शिक्षा भोगून चांगले वर्तन राखले की मिळते ती संचित रजा, जिला तुरुंगात सर्रास फर्लो म्हणतात. तिला कारण दाखवावे लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. घरातील मृत्यू, गंभीर आजार, लग्न अशा कारणासाठी मिळते ती अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल; तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत, तेवढा तुरुंगवास पुढे वाढतो. गोव्यातील काही जन्मठेपीच्या कैद्यांनी अभिवचन रजेचे दिवस चौदा वर्षांत मोजावेत असा दावा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अमान्य केला. रजा मोजली तर वजनदार कैदी रजेवर रजा घेऊन चौदा वर्षे बाहेरच काढतील, अशी भीती न्यायालयाने बोलून दाखवली. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. संजय दत्त येरवड्यात पाच वर्षांची शिक्षा भोगत असताना त्याला मिळालेल्या रजांवरून महाराष्ट्रात बराच गहजब झाला होता, आणि २०१६ साली नाशिकरोडहून अभिवचन रजेवर गेलेला खुनातील एक कैदी फरार झाल्यानंतर, जो पुढच्या वर्षी पकडला गेला, रजेचे नियम अधिक कडक झाले. ज्या सामान्य कैद्याकडे धड जामीनदारही नसतो, त्याला या कडकपणाची झळ अधिक लागली असणार, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही.

मुदतपूर्व सुटकेची वाट रजेपेक्षा लांबची आहे. लांज्याकडच्या एखाद्या माणसाला जन्मठेप झाली की खटल्याच्या काळातील 'कच्चा कैदी' 'पक्का' होतो आणि एवढी लांब शिक्षा काढण्यासाठी कोल्हापूरचे कळंबा किंवा पुण्याचे येरवडा यांसारखी मध्यवर्ती कारागृहे असतात. घरच्या माणसांना भेटीसाठी आंबा घाट चढून जावे लागते. कच्चा कैदी म्हणून आत काढलेला काळही चौदा वर्षांत धरला जातो. ती मुदत जवळ आली की कारागृहाचा अधीक्षक प्रस्ताव तयार करतो, ज्यात कैद्याची वागणूक, केलेले काम, झालेल्या शिक्षा, कमावलेली माफी आणि रजेवरून तो वेळेवर परतला की नाही याची नोंद असते. पोलीस त्याच्या गावात चौकशी करतात, तो परतल्याने शांतता बिघडेल का, मृताच्या नातेवाइकांचे म्हणणे काय, हे पाहतात. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच्या पीठासीन न्यायाधीशांचे सकारण मत मागवले जाते, आणि मग गृह विभाग निर्णय घेतो. गावात चौकशी होते ती बहुतेकदा घटनेला दीड-दोन दशके उलटल्यावर. साक्षीदार म्हातारे झालेले असतात, एखादे घर मुंबईला गेलेले असते, आणि वाडीतील नव्या पिढीला तो माणूस ओळखताही येत नाही. अशा चौकशीत जुने वैर जितके सहज नोंदवले जाते तितका माणसातील बदल नोंदवला जात नाही.

महाराष्ट्राच्या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की तिने गुन्ह्यांचे वर्ग पाडले आहेत. १९७८, १९९२, २००८ आणि २०१० या वर्षांत राज्याने मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्यांत गुन्ह्यामागचा हेतू, क्रौर्य, पूर्वनियोजन, बळी स्त्री किंवा मूल असणे, टोळीने केलेला गुन्हा अशा निकषांवर वर्ग ठरवून प्रत्येक वर्गाला वेगळी मुदत लावली. ही मुदत माफीसह मोजायची असते आणि ती वीस, बावीस, चोवीस, सव्वीस अशी तीस वर्षांपर्यंत चढत जाते. चोवीस वर्षांच्या वर्गातील कैद्याने सहा वर्षांची माफी कमावली असेल तर त्याला प्रत्यक्ष अठरा वर्षे काढावी लागतात. दहा वर्षांहून जास्त माफी कमावली तरी चौदाच्या आत सुटका नाही. पुष्कळ कैद्यांचे भांडण सुटकेच्या नकाराशी नसते, आपला गुन्हा चुकीच्या वर्गात टाकला गेला याच्याशी असते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पीठांपुढे असे अर्ज सतत येत असतात.

कोणत्या सालचे धोरण लावायचे, हा त्याहून गुंतागुंतीचा प्रश्न. हरियाणातील जगदीश नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की शिक्षा झाली त्या दिवशी असलेले धोरण कैद्याला लागू होते आणि नंतरचे धोरण अधिक उदार असेल तर त्याचाही लाभ द्यावा. तत्त्व न्याय्य आहे, पण त्याचे पडसाद अनपेक्षित ठिकाणी उमटतात. शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या २००७ मधील खुनाबद्दल २०१२ साली जन्मठेप झालेल्या अरुण गवळीने, वयोवृद्ध आणि अशक्त कैद्यांना सवलत देणाऱ्या २००६ च्या धोरणावर बोट ठेवून सुटका मागितली. संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखालील कैद्यांना सवलतीतून वगळणारा बदल पुढे २०१५ मध्ये झाला होता. नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत त्याला स्थगिती दिली, आणि अखेर २०२५ साली तो बाहेर आला तो मुदतपूर्व सुटकेने नव्हे, अपील प्रलंबित असताना मिळालेल्या जामिनावर.

निर्णय कोणत्या राज्याच्या सरकारने घ्यायचा, यावरही महाराष्ट्राशी जोडलेल्या एका खटल्यात मोठा निकाल झाला. गुजरातमधील २००२ च्या दंगलीतील बिल्किस बानो प्रकरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुंबईत चालला आणि जानेवारी २००८ मध्ये येथील विशेष न्यायालयाने आरोपींना जन्मठेप दिली. गुजरात सरकारने त्यांतील अकरा कैद्यांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले. मुंबईच्या पीठासीन न्यायाधीशांचे मत सुटकेच्या विरोधात होते, तरी ते बाजूला ठेवले गेले. ८ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती भुयान यांनी ही सुटका रद्द केली. ज्या राज्यातील न्यायालयाने शिक्षा दिली त्याच राज्याचे सरकार कायद्याच्या भाषेत 'समुचित शासन' असते, म्हणून या प्रकरणात अधिकार महाराष्ट्राचा होता, असे त्यांनी ठरवले आणि कैद्यांना दोन आठवड्यांत तुरुंगात परतावे लागले. सुटकेचा हुकूमही न्यायालयात तपासला जातो आणि मोडलाही जातो, हे या निकालाने जितके ठळकपणे दाखवले तितके त्याआधी क्वचितच दिसले होते.

न्यायालयांनी दुसऱ्या बाजूने सरकारचा अधिकार आखडूनही घेतला आहे. स्वामी श्रद्धानंद खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पेच असा होता की फाशी अतिकठोर वाटते आणि जन्मठेप द्यावी तर ती व्यवहारात चौदा वर्षांवर येते. मधला मार्ग म्हणून न्यायालयाने, माफीचा विचारही होऊ नये अशी जन्मठेप दिली. डिसेंबर २०१५ मध्ये घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा मार्ग मान्य केला, पण तो केवळ उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांपुरता. रत्नागिरीच्या सत्र न्यायाधीशांना स्वतःच्या अधिकारात 'तीस वर्षे माफी नाही' असे लिहिता येत नाही. मात्र काही गुन्ह्यांत, विशेषतः बलात्काराच्या गंभीर प्रकारांत, कायद्यानेच जन्मठेप उरलेल्या आयुष्यभराची म्हटली आहे. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणातील तिघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केली तेव्हा आमरण कारावास देताना संचित आणि अभिवचन रजाही नाकारल्या. कोल्हापूरच्या बालहत्यांतील रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी, दयेच्या अर्जाला झालेल्या अक्षम्य विलंबामुळे, जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली गेली, पण पंचवीस वर्षे आत काढली म्हणून सोडा ही त्यांची मागणी न्यायालयाने मानली नाही. एका लोकसमजुतीने कायद्याला केवढे वळण दिले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे: जन्मठेप चौदा वर्षांत संपते या धारणेमुळेच न्यायाधीशांना चौदाच्या पलीकडची कुलपे घडवावी लागली.

अशी न उघडणारी कुलपे योग्य आहेत का, यावर जगाचे एकमत नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७७ साली असे म्हटले की आजन्म कैद्यालाही केव्हातरी मुक्त होण्याची खरी शक्यता राहिली पाहिजे, आणि तेथे पंधरा वर्षांनंतर फेरविचार होतो. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१३ साली ब्रिटनमधील विंटर प्रकरणात हेच तत्त्व पुढे नेले. उलट अमेरिकेने केंद्रीय गुन्ह्यांपुरता पॅरोल १९८४ च्या कायद्याने बंद केला. नॉर्वेत सत्त्याहत्तर माणसे मारणाऱ्या ब्रेविकला एकवीस वर्षांची, पण धोका कायम असल्यास वाढवता येणारी शिक्षा झाली. दहा वर्षांनी त्याने पॅरोल मागितला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने उघड सुनावणी घेऊन, कारणे लिहून, तो नाकारला. अर्ज करण्याची वेळ लवकर आली म्हणून सुटका लवकर झाली असे होत नाही, हे एवढ्या एका उदाहरणाने पुरेसे स्पष्ट व्हावे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर वर्गवारीची पद्धत मुळात वाईट नाही. सरसकट चौदा वर्षांपेक्षा ती अधिक विवेकी आहे. दोष निर्णयाच्या मुकेपणात आहे. लक्ष्मण नासकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलेले निकष, म्हणजे गुन्हा व्यक्तीपुरता होता की समाजाला हादरा देणारा, पुन्हा घडण्याचा संभव किती, गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, आणखी आत ठेवून काय साधणार आणि कुटुंबाची स्थिती काय, हे प्रत्येक प्रस्तावात उद्धृत होतात, परंतु अमुक कैद्याला ते कसे लागू पडले याचे उत्तर अनेकदा एका ओळीत गुंडाळले जाते. औंध संस्थानात आटपाडीजवळ वसवलेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीने, जिच्यावरून ग. दि. माडगूळकरांनी 'दो आँखें बारह हाथ'ची कथा लिहिली, खुनातील कैद्यांवरही विश्वास टाकता येतो हे स्वातंत्र्यापूर्वीच दाखवले होते. ज्या राज्याच्या भूमीत हा प्रयोग झाला त्याला सुटकेची किंवा नकाराची कारणे पानभर लिहिणे जड जाऊ नये.

या बाबतीत १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आदेश प्रत्येक राज्यावर बंधनकारक आहेत. मुदतपूर्व सुटकेचे धोरण असलेल्या राज्याने पात्र कैद्याच्या अर्जाची वाट न पाहता स्वतःहून विचार करायचा आहे. निर्णयाची कारणे थोडक्यात पण लेखी द्यायची आहेत. नकार कैद्याला तत्काळ कळवून, त्याला आव्हान देता येते हेही सांगायचे आहे. आणि दिलेली सुटका नोटीस व सुनावणीशिवाय रद्द करायची नाही. ज्यांचे कोणी कळंब्याला किंवा येरवड्याला जन्मठेप काढत आहे त्यांनी चौदा वर्षांची बेरीज बाजूला ठेवून कैद्याचा वर्ग कोणता ठरला आहे आणि त्याला कोणत्या सालचे धोरण लावले आहे, हे दोन प्रश्न कारागृहाच्या अधीक्षकांना लेखी विचारावेत, आणि ज्यांचे माणूस मारले गेले त्यांनी सुटकेच्या चौकशीच्या वेळी आपले म्हणणे पोलिसांकडे लेखी नोंदवावे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मदत मागता येते.